एकटीनं परत आणायची झाली तर

ओरूस्त बेटावरच्या शेडमध्ये मार्च सरताना
दोन बोटी लाकडी टेकूंवर उभ्या आहेत,
पाण्याबाहेर काढल्यामुळे जरा ओशाळलेल्या,
आणि मी त्यांच्या अंगावर हातोडी वाजवत फिरते.
टण् म्हणजे निरोगी. ढब् म्हणजे पाणी मुरलंय.
सव्वीस वर्षं या दोन अक्षरांवर माझं घर चाललंय.

पहिली गुड्रुन. चौऱ्याहत्तर सालची, चौतीस फूट.
तळाचा कणा नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध,
वजन असं की वाऱ्यानं आधी विचारावं, येऊ का?
फायबर तर अंगठ्याएवढं जाड.
किती पुरेल ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं,
कमी पडायला नको म्हणून थरावर थर देत गेले.
डोलकाठीच्या बुडाशी मात्र डेकवर ढब्. पुन्हा ढब्.
खिडक्या पेढ्याच्या डब्याएवढ्या.
कपाटाच्या दारामागे पेन्सिलीच्या रेघा,
कुणा मुलीची उंची, दर जुलैची,
एक्याऐंशीपाशी थांबलेली.
मी मालकाला विचारलं नाही.
अहवालात त्याला रकाना नाही.

दुसरी टेर्ना, नऊ वर्षांनी धाकटी.
आत उजेड, ताठ उभं राहता येतं,
दोन माणसं एकमेकांना न घासता जातात
(हे चांगलं की वाईट, वयावर अवलंबून).
कणा म्हणजे खाली लोंबणारं एक पातं,
नाण्यावर गिरकी घेईल,
पण सुकाणूवरचा हात काढा,
लगेच दुसरीकडेच बघायला लागते.
पात्याच्या बोल्टांपाशी गंजाची रेघ,
बशीतून ओघळलेल्या चहासारखी.

सिक्स्टेन लुंडमार्क सगळं वहीत उतरवून घेतात.
वेग किती, टाकी किती, शिडांची साल कोणती,
शेटलंडपर्यंत कुठली आधी पोचेल.
मी सांगते: टेर्ना, अर्ध्या दिवसानं.
ते मान हलवतात, जणू तो अर्धा दिवस
आत्ताच कुणी त्यांच्या हातावर ठेवला.

रागन्हिल्ड उपड्या बादलीवर बसलेली,
हातमोज्यात बोटं घट्ट मिटून.
सिक्स्टेन मीटर आणायला गाडीकडे गेले
तेव्हा म्हणाली, एकच विचारते.
एकटीनं परत आणायची झाली तर कुठली?

शेडच्या पत्र्यावरून बर्फाचा एक तुकडा घसरला.

मी म्हणाले, समुद्रात गुड्रुन.
दांडा दोरीनं बांधून तुम्ही सूप गरम करू शकाल,
ती तुमचं म्हणणं तासभर लक्षात ठेवेल.
बंदरात टेर्ना. कारण गुड्रुन मागे घेताना
कुणाचंच ऐकत नाही, माझंही नाही.
म्हणजे, ती म्हणाली, वाट सांभाळणारी एक
आणि दार उघडणारी दुसरी.
मी म्हणाले, हो. दगडापेक्षा वीट मऊ,
पण यातली वीट कुठली ते मला सांगता येणार नाही.

तिनं त्यांचं नाव घेतलं नाही, आजाराचंही नाही.
नुसती उठली, गुड्रुनच्या शिडीवर चढली,
अरुंद बाकावर बुटांसकट आडवी झाली
आणि बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही.

अहवाल चौदा पानांचा झाला.
ओलाव्याचे आकडे, बोल्ट, दुरुस्तीचा अंदाज.
शेवटच्या पानावर मी शिफारस लिहिते.
या वेळी तिथं मी फक्त सही केली.

मे महिन्यात धक्क्यावरून जाताना दिसलं:
गुड्रुन उलटी येत होती,
आणि जायचं तिथं सोडून सगळीकडे जात होती.
रबराच्या फुग्यांवर आपटली. पुढे गेली. परत आपटली.
सुकाणूवर रागन्हिल्ड, टोपी उडालेली,
काहीतरी पुटपुटत, बहुधा शिवी.
धक्क्यावर सिक्स्टेन, हात खिशात कोंबून,
पुढे झुकलेले, दोर धरायला आसुसलेले,
आणि ती तिथून ओरडत होती:
हात लावायचा नाही!
अजिबात हात लावायचा नाही!