होल्डवर

डोळे गेले, तरी ब्रश विकले नाहीत;
टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवले, सवयीने.

वर्षभर ताई चहासुद्धा बशीत ओतून द्यायची.
एकदा मीच ओतला,
काठाच्या आत बोट धरून.
भाजलं, म्हणजे कप भरला.

आता परळच्या हॉस्पिटलात टेलिफोनवर असतो.
"किती टक्के दिसतं?" साहेबांनी विचारलेलं.
"एक्स्टेन्शनं किती?" मी.
एकशे चाळीस. नऊ दिवसांत पाठ.

पिठाची गिरणी, मग गटाराचं डुगडुगतं झाकण,
मग फिनेल: पोचलो.

परवा वाटेत काठी एका शटरला लागली.
हात फिरवला.
जाड रंग, पोपडे, पोटफोड्या ष...
औषधालय.
माझंच अक्षर.
उशीर झाला त्या दिवशी.

ताईचा फोन : "पोचलास ना रे?"
थांब गं,
दुसऱ्या लाइनवर कुणीतरी रडतंय.