पाठ सातवा

पान त्रेसष्ट. ‘अन्नसुरक्षा’.
फळ्यावर मी चार खांब काढले,
त्यांवर कौलं, आमच्या शाळेच्या कौलांपेक्षा सरळ.
उपलब्धता, पोहोच, पोषण, सातत्य.
जांबोटीत दसऱ्यापर्यंत खडू सर्द असतो,
शब्द उमटायला दोनदा गिरवावे लागतात.

“सुरक्षा म्हणजे काय?”
कलमेशचा हात सगळ्यांच्या आधी:
“कुलूप, बाई.
आमच्यात भाताच्या खोलीला असतंय.
किल्ली आजोबाच्या करगोट्याला.”
वर्ग हसला. मीही.
भरमू म्हणाला, “आमच्यात कुलूप नाही,
उंदीरसुद्धा कलमेशच्यात जेवायला जातोय.”
मग मी पुस्तकातली व्याख्या वाचली,
एका दमात, कुठंही न थांबता:
सर्वांना, सर्व काळी, पुरेसे, सकस.
पोरांनी लिहून घेतली. अक्षर चांगलं काढलं.

दाराबाहेर निंगव्वा तांदूळ निवडत होती.
तिला मराठी येते पोटापुरती,
मला कानडी तेवढीच.
आज हजेरी छत्तीस,
मी छत्तीसचाच आकडा देते,
ती चाळिसांचं रांधते.
कशी पुरवते, मी विचारत नाही.
फळ्यावरच्या चार खांबांत
तिला कुठं बसवावं, कळत नाही.

दुसऱ्या खांबापाशी आले.
“पोहोच. म्हणजे धान्य आहे, पण
आपला हात तिथवर पोचायला हवा.”
तनुजा मादार उभी राहिली.
ती कधी उभी राहत नाही.
“हात पोचतोय, बाई. अंगठा पोचंना.”

तिची आई काजू सोलायला जाते.
टरफलाचं तेल आधी कातडी काळी करतं,
मग सोलतं,
मग बोटावरच्या रेघा घेऊन जातं.
रेशनाच्या दुकानात मशीन एकदा लाल, दोनदा लाल.
दुकानदार वाईट नाही.
स्वतःच्या शर्टाला तिचा अंगठा पुसून बघतो,
लिंबू चोळून ये म्हणतो,
आणि शेवटी, “नाळे बा.”

उद्या ये.
हेच दोन शब्द म्हणे पूर्वी
दारावर लिहीत, रात्री हाका मारणाऱ्या भुतासाठी.
भूत वाचायचं, माघारी जायचं,
दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तेच वाचायचं.
तनुजाची आई तीनदा माघारी आली.
भूक नाही गेली.
तिला वाचता येत नसावं,
ना पाटीवरची ही लिपी, ना ती.

“कार्डावर आणखी कुणाचं नाव असेल ना?”
“बाबाचं. बाबा गोव्याला.
माझं पण आहे. पहिलीत असताना घेतलेला अंगठा.
आता बोट मोठं झालंय.”
असं म्हणून तिनं ते दाखवलं,
जणू मोठं होण्यात तिचीच काही चूक.

कुणी हसलं नाही.
कलमेश वहीच्या कोपऱ्यात कुलूप काढत होता, ते त्यानं खोडलं.
नाही, खोडलं नसेल. मला तसं वाटलं.

“बाई, रेघा परत उगवतात काय?”
हा प्रश्न विज्ञानाचा. विज्ञानही माझ्याकडेच.
“उगवतात की. नवी कातडी येते.
पंधरा दिवस सोलायला जायचं नाही, तेवढं.”
बोलून गेले, आणि मग ऐकलं, मी काय बोलले ते.

तनुजा अंगठ्यानं पेरं मोजू लागली:
पंधरा दिवस, गुणिले दिवसाची मजुरी.
गणितही मीच शिकवते तिला.
तिचं उत्तर सहसा चुकत नाही.

तेवढ्यात निंगव्वानं ताटावर पळी वाजवली,
“ऊटक्क बर्री!”
बाकं सरकली, पायांचा गोंधळ, व्हरांड्यात रांग.
फळ्यावर दोन खांब तसेच राहिले, न शिकवलेले.
रांगेत तनुजा सातवी की आठवी.
तिनं ताट पुढं केलं डाव्या हातानं.
निंगव्वा रागावली नाही.
उजवा अजून मोजत होता.