शिवणीतली माया

निविदा क्रमांक सतरा. शाळेचे सदरे,
अकराशे चाळीस नग. पांढरे, गळपट्टी निळी,
खिशावर गावाचं चिन्ह: कापसाचं बोंड आणि एक पक्षी,
जो आमच्या सेरिदोत आता कुणी पाहिलेला नाही.

दहा वाजून चार मिनिटांनी बोली बंद झाली.
पडद्यावर नावं नसतात. पुरवठादार एक, दोन, तीन.
आणि इकडे मी, एवाल्दो, नगरपालिकेचा खरेदी-कारकून,
ज्यानं कुणालाही ओळखता कामा नये.

दोन: अठरा रेयाल चाळीस.
तीन: एकोणीस रेयाल दहा.

अठरा-चाळीस यंत्रातून बाहेर पडलेला आकडा आहे,
इस्त्रीसुद्धा केलेली.
एकोणीस-दहा बोटांवर मोजलेला आहे.
त्यात दोऱ्याची रिळं आहेत, विजेचं बिल,
दोघी मदतनिसांची मजुरी, आणि ते वरचे दहा
धाकटीच्या चष्म्याचे असावेत.
मला ठाऊक नाही.
मला ठाऊक असून चालणार नाही.

कायदा म्हणतो, लहान उद्योगाची बोली
पाच टक्क्यांच्या आत असेल तर
ती बरोबरी मानावी.
मानावी. दर वेळी मी या शब्दापाशी अडखळतो.
पारडं झुकलेलं तराजूलाही दिसतंय,
आणि कायदा काट्यावर बोट ठेवून म्हणतो, समजू या समान.

पण फुकट काही नाही.
बरोबरी मानली म्हणजे काम मिळालं, असं नव्हे.
मिळतात पाच मिनिटं.
तेवढ्यात मोठ्याच्या खाली उतरून दाखवायचं.

मी बटण दाबलं.

चार मिनिटं चाळीस. खालून अंड्यांची गाडी गेली,
भोंग्यावर ओरडत: तीस अंडी दहा रेयाल,
ताजी, आजचीच, तीस अंडी दहा रेयाल.
तिच्या भावात घासाघीस करायला
कुणी कायदा काढलेला नाही.

तीन मिनिटं दहा.
चार गल्ल्या पलीकडे, चर्चच्या मागे,
फ्रांसिनाल्दाचं मशीन आत्ता थांबलेलं असेल.
(हे मी लिहीत नाहीये.)
तिसरीत असताना माझा सदरा तिनं शिवला होता.
बगलेखाली दोन बोटं माया सोडली होती,
आईनं न सांगता. पुढच्या वर्षी उसवून
तोच सदरा पुन्हा मला झाला,
आणि त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या भावाला.

एक मिनिट बावीस.
दक्षिणेतल्या त्या गिरणीतही
कुणीतरी मान मोडून शिवतच असेल.
तिच्या बाजूनं कुणी काही मानलेलं नाही.
हा विचार मी फार वेळ करत नाही,
पडद्यावरचं घड्याळ करू देत नाही.

एकवीस सेकंद.
तीन: अठरा रेयाल एकोणचाळीस.

एका सेंताव्होनं खाली.
नगामागे एकाहत्तर सेंताव्हो. मी कागदावर गुणून पाहिलं:
आठशे नऊ रेयाल आणि चिल्लर.
कुठून वजा केले असतील?
दोरा तर वजा होत नाही. वीजही नाही.
मजुरी होते, पण दुसऱ्यांची ती करणार नाही.

सही करायला आली तेव्हा मी तिला
पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा उठून उभा राहिलो.
ती म्हणाली, पैसे कधी?
मी म्हणालो, नियमाप्रमाणे तीस दिवस.
मग आम्ही दोघंही हसलो,
आणि तिनं आधी थांबवलं.

माल आला फेब्रुवारीत, खोक्यांवर चिकटपट्टी आडवी-तिडवी.
नमुना म्हणून एक सदरा मी उलटा केला.
बगलेखाली, शिवणीच्या आत,
दोन बोटं.
दुसरा काढला. तिसरा काढला.
तपासणीच्या तक्त्यात
कापड आहे, रंग आहे, गुंड्या आहेत, चिन्ह आहे.
मायेचा रकाना नाही.
मी ‘ठीक’ लिहिलं.

बिल अजून माझ्या टेबलावर आहे,
वरच्या मजल्यावरच्या सहीसाठी.
आज एकेचाळिसावा दिवस.