छोटं लायसन

मोठं परवडलं नसतं.
मोठ्याची फी ऐकून राजमणी म्हणाली होती,
तेवढ्यात दोन माग येतील की ओ.
त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. खरंच येतात.

मग वळसंगच्या पुढं, माळावर,
हत्तुरे मॅडमच्या पत्र्याच्या शेडमध्ये
कळलं, छोटंही असतं.
तास कमी, पुस्तक पातळ,
फी महिन्याच्या महिन्याला, जमेल तशी.
अटी मात्र स्वच्छ:
रात्री उडायचं नाही. ढगात शिरायचं नाही.
पैसे घेऊन कुणाला न्यायचं नाही.
शेजारी एकच माणूस, तेही हलकं.
मी म्हणालो, मॅडम,
हलकं माणूस नाही हो आमच्याकडं.
(हे घरी सांगितलं नाही.)

डॉक्टरांनी चष्मा माफ केला,
कानाशी अडले.
एकोणतीस वर्षं मागांच्या मधोमध.
त्यांनी पाठीमागं जाऊन कुजबुजत आकडे म्हटले,
मी एकही चुकलो नाही.
खरं सांगू? समोरच्या कपाटाच्या काचेत
त्यांचे ओठ दिसत होते.
धोट्याच्या खडखडाटात आम्ही ओठच वाचतो.
लग्नं ठरली तशीच, भांडणं झाली तशीच,
बाप गेल्याचा निरोपही
मुकादमाच्या ओठांवरच दिसला होता मला.

पहिल्या दिवशी विमानाला हात लावला
आणि हसू आलं.
पंख म्हणजे कापडच.
मॅडम सांगत होत्या, पुढची कड, मागची कड, उचल, ओढ;
मी आपला अंगठ्यानं धागे मोजत,
उभे किती, आडवे किती,
शिवण दुहेरी, पीळ घट्ट,
आणि एका जागी आडवा सुटलेला. दाखवला.
मॅडम वाकल्या, चष्मा वर केला, गप्प झाल्या.
त्या दिवशी उडालो नाही.
"पायलट कसे व्हाल माहीत नाही," जाताना म्हणाल्या,
"तपासणी मात्र तुम्हीच करत जावा."

उतरणं यायचं नाही मला.
जमीन जवळ आली की पाय आखडायचो
विहिरीत उडी टाकणाऱ्या पोरासारखे.
अकरा वेळा उसळलो. बाराव्यांदाही.
शेरडांना सवय झाली.
ती राखणारा मलप्पा लांबून बोटं करून दाखवायचा,
किती वेळा आपटलं ते.
"काय करलालाव मालक, लाह्या भाजलालाव काय?"

माघातली एक सकाळ.
मॅडम उतरल्या, रिकाम्या सीटवरचा पट्टा आवळला,
खांद्यावर थाप मारली: जावा.
त्यांचं वजन गेलं तसं ते यंत्र
कुणी हाक मारल्यासारखं वर निघालं.

खाली ज्वारीचे पट्टे, हरभऱ्याचे पट्टे,
मधे काळी पडीक.
चादर म्हणायचा मोह झाला.
नाही म्हटली.
जन्मभर चादरीच बघितल्या,
एकदा शेत शेतासारखं दिसू दे.

वायव्येला शहर, धुरकट,
त्यात कुठंतरी माझं शेड, बारा माग, चालू.
आवाज येत नव्हता.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
ते नुसतं दिसत होतं.

इंजिन कमी केलं.
उरला वारा, तारांवरून,
कांडी संपत आली की येतो तसा बारीक सूर.
ऐकू आला. डाव्या कानानंसुद्धा.
तिथं ओठ नव्हते कुणाचे.

एकदाच आपटलो.
मलप्पानं एक बोट वर केलं
आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

लायसन आलं, पाकिटात मावेल एवढं.
राजमणीनं जेवणं झाल्यावर अटी वाचल्या, सगळ्या,
ओठ हलवत,
मग काही न बोलता शेडमध्ये गेली
आणि सुताच्या काट्यावर उभी राहिली.
"किती चालतं ओ तुमच्या त्याला?"

काटा थरथरत होता.
तो थांबेपर्यंत आम्ही दोघंही गप्प.