कोल्ह्याच्या भुवया

शहापुरात, पद्मण्णांच्या मागच्या खोलीत,
हातमागाशेजारी,
भाड्याच्या कॅसेटवर कोल्हा गायचा.
चितारलेला, केशरी,
शेपूट अंगाहून मोठं,
भुवया पार कपाळाबाहेर उडायच्या.

इंग्रजी आम्हाला कुठलं यायला!
गिरिजव्वाला मराठी अर्धं, मला कन्नड पाव,
उरलेल्या जागेत आम्ही आमचेच शब्द भरले:
टिंगा लबाला, लबाला बा.
माग थांबला की ते गल्लीभर ऐकू जायचं.

आता तोच कोल्हा खरा करून आणलाय.
मिशीचा केस न् केस सुटा,
नाकावर ओल.
तिकीट अडीचशे, कन्नडमधून बोलतो.
लेक कानाशी लागून मराठीत सांगतेय
मी न विचारता.
सगळं कळतंय.
तेच जरा चुकल्यासारखं.

मग गाणं आलं.
खऱ्या कोल्ह्याला भुवया नसतात.
तो तोंड उघडतो, मिटतो,
गाणं दुसरीकडूनच कुठून तरी येतं.

मी अंधारात, हळूच: टिंगा लबाला.
"आई, गप बस की!"

पुढच्या रांगेतला एक पिकलेला अंबाडा
जरासा मागे वळला,
थांबला,
पुन्हा पडद्याकडे.