एक सूत

मंगळवारी अन् शुक्रवारी साडेचारला
अवंती मॅडम आमच्या स्वयंपाकघरात येतात.
चटणीच्या डब्याला टेकून बसतात,
कारण रेंज तिथंच, कट्ट्याच्या कोपऱ्यात,
दोन काड्या, कधी तीन.
पुण्यात त्यांच्या मागं पांढरी भिंत.
आमच्या मागं भांड्यांची मांडणी, गॅसची टाकी,
बंद घड्याळ. ते मीच बंद ठेवलंय,
टिकटिक मोजत बसायचे हे.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "मी धरतो की त्यांना,"
तर त्या पडद्यात इकडंतिकडं बघाय लागल्या,
घरात आणिक कोण बाप्या आहे म्हणून.
मग हसल्या.
आमच्या कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, मॅडम.
धरतो, उठवतो, न्हाऊ घालतो,
रात्री दोनदा कूस बदलून देतो.

"हिंदुराव काका, खांद्यापासून हात वर."
हात तिथंच. मांडीवर. ओल्या पोत्यागत.
उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर राबलेला हात,
डोळे मिटून सांगायचा, जॉब एक सूत जाड आहे.
आता डाळीचा दाणा उचलायचा
तर चिमूट वाटेतच विसरते.
शब्द पण गेले. राहिलेत तीन:
"हं", "नको", आणि का कोण जाणे, "टपाल".
पाणी हवं तरी टपाल. लाईट गेली तरी टपाल.
माझं नाव बी बहुतेक टपालच.

शेजारच्या तौफिकनं कंपासपेटीतला कोनमापक दिलाय.
खांद्याला लावून मी आकडा सांगायचा,
मॅडम वहीत लिहून घेणार.
वीस. वीस. बावीस. वीस.
पावणेदोन महिने हेच.
दर वेळी त्या म्हणायच्या, "छान, चालू ठेवा,"
पण पेन खाली ठेवल्याचा आवाज
मला ऐकू यायचा.

एका शुक्रवारी मी हात घातला.
कोपराखाली, पडद्याच्या कडेबाहेर, पदराआड.
पस्तीस, म्हणालो.
मग चाळीस. पंचेचाळीस.
"काका, कमाल केलीत!"
मॅडमनी चक्क टाळ्या वाजवल्या.
मला दोन रात्री गाढ झोप लागली.
ह्यांना नाही. छताकडं बघत पडलेले.

मंगळवारी पुन्हा तेच.
"पन्नास," म्हणालो,
आणि हे म्हणाले, "नको."
दुखतंय का काका?
"नको."
डावा हात पुढं गेला, चटणीच्या डब्याकडं.
फोन सरकवला. तिरका झाला. आणखी सरकवला.
पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहान चौकोनात
मला माझा हात दिसला,
पीठ लागलेला, बांगड्या वर सारलेल्या,
त्यांच्या कोपराखाली.

कुणी बोललं नाही. कुकरनं एक शिट्टी दिली.
रेंज गेली असती तर बरं झालं असतं.
नेमक्या तीन काड्या होत्या.

"काकू," मॅडम म्हणाल्या, "हात काढा."
काढला.
ह्यांच्या कानामागून घाम उतरत होता.
हात उठला, थरथरला, थांबला.
मी आकडा बघितला. चष्मा पुसून परत बघितला.
"चोवीस."
पन्नास खोडल्याचा आवाज आला,
मग चोवीस लिहिल्याचा.

हे अर्ध्या तोंडानं हसले.
डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जवळ आणलं,
मधनं उजेड जाईल एवढंच अंतर ठेवून.
मला दाखवलं, मग पडद्याला.
एक सूत.

मॅडम जायला निघाल्या, मग थांबल्या.
"काकू, तुमचा खांदा कधीपासनं दुखतोय?
तुमचा हात वर करा बघू."
मला काय झालंय, म्हणालो.

ह्यांनी कट्ट्यावरचा कोनमापक उचलला,
उलटा धरला, मग सरळ केला.
"टपाल," म्हणाले,
आणि वाट बघत बसले.