बघणं फिरवलंय फक्त

कळवा नाक्यावर, फ्लेक्सच्या दुकानात
पोशा केणींची मिशी दुरुस्त करत होतो.
जुन्या ओळखपत्रावरचा फोटो,
शिक्का नेमका ओठावर बसलेला.

माझं मनगट एकाच बाजूला नीट वळतं,
म्हणून कॅनव्हास फिरवला.
पोशाशेठ कलंडले, आणखी कलंडले,
आणि स्क्रीनभर आडवे झाले.

"बापाला आरवा केलास?"
मागे हरेश. हातातला कटिंग तसाच.

म्हटलं, ते हलले नाहीत हो,
आपलं बघणं फिरवलंय फक्त.
फाइलमध्ये ते सरळच आहेत.

त्याला पटलं नाही.
मंगळवारी त्यानेच तर
खांदा दिला होता.

एस्केप दाबलं.
पोशाशेठ उठले.
समोर बघायला लागले, पहिल्यासारखे,
थोडे रागावलेले.

हरेशने चहा संपवला. साय ओठाला लागली,
बापाचा शिक्का होता तिथेच.

उरलेले सात-आठ केस मी
कॅनव्हास न फिरवता काढले,
खुर्चीत स्वतःच वाकडा होऊन.

बॅनर आता खारेगावच्या वळणावर आहे.
डावीकडचा एक केस चुकलाय.
कुणाला दिसत नाही.
जाता-येता माझी मान कलते.